चेंबूर ते जुन्नर: विकायला निघालेली एक्सपल्स

शुक्रवार, रात्री

आमच्या चेंबूरच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट एकदाचं मार्गी लागलं आणि सगळ्यांनी पेढे वाटले. भाड्याच्या घरात मात्र दुचाकीला जागा एकच, आणि ती बायकोच्या स्कूटरने धरलेली. त्यामुळे माझी हिरोची एक्सपल्स, म्हणजे कच्च्या वाटांवरही चालणारी मोटारसायकल, पावसाळाभर मेव्हण्याच्या बिल्डिंगखाली ताडपत्री पांघरून उभी होती. अशी डर्ट बाईक चालवून खराब होत नाही तेवढी उभी ठेवून होते. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सुकून जेट चोंदतात, चेनच्या कड्या धरतात, आणि मुंबईची खारी हवा आऱ्यांच्या निपलपासून खायला सुरुवात करते. तिची सर्व्हिसिंग केली, आणि विकायला काढली.

बाजार सध्या विकणाऱ्याचा नाही. एक्सपल्स २०० आली ती २०१९च्या मे महिन्यात. कार्ब्युरेटरवाली ९७ हजार आणि फ्युएल इंजेक्शनवाली १ लाख ५ हजार, एक्स-शोरूम. एवढ्या पैशांत पुढे २१ इंची चाक, मागे १८ इंची आणि २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स मिळतो म्हटल्यावर माझ्यासारख्या पगारदारांची सोय झाली. आता कंपनीने २१० सीसीची नवी आणलीय. त्यात २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव पडणारच. मी ७५ हजार लावले होते, फोन यायचे ते ५० हजारांचे. 'लास्ट प्राइस बोला' हे वाक्य तर मला आता झोपेतही ऐकू येतं.

एक फोन वेगळा आला. जुन्नरकडचा पोरगा. त्याने किलोमीटर विचारले नाहीत, ॲव्हरेज विचारलं नाही. म्हणाला, "दादा, कुठं कुठं पडलीय?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, बघून ठरवू. टेम्पोत टाकून पाठवण्यापेक्षा चालवतच न्यायची ठरवली, तीही सरळ रस्त्याने नाही. माझा एक मित्र, भांडुपकर, त्याची रॉयल एनफिल्ड हिमालयन घेऊन राजमाचीपर्यंत यायला तयार झाला. दुसरा मित्र, डोंबिवलीकर, म्हणाला, पहिला दिवस खोपोलीला माझ्याबरोबर काढा.

शनिवार

पहाटे निघालो. मुंबईतून बाईकवाल्याने बाहेर पडायचं म्हणजे पाट्या वाचत जायचं. अटल सेतूवर दुचाकी नाही, ईस्टर्न फ्री वेवर नाही, सी लिंकवर नाही, पुण्याच्या एक्स्प्रेसवेवर नाही. आपली वाट म्हणजे सायन-पनवेल रस्ता, वाशीचा पूल, कळंबोलीला एक्स्प्रेसवेचा फाटा डावलून पनवेल, मग जुना हायवे. चौकच्या आसपास चहा झाला. थंडी बेताची, भाताची कापणी उरकत आलेली, खळ्यांवर पेंढा. जाड गोट्यांचे नॉबी टायर डांबरावर गुणगुणतात, सत्तरच्या पुढे हँडल थरथरतं, त्यामुळे घाई करून उपयोग नसतो.

खोपोलीजवळ ओळखीच्या एका शेतघरामागे माळ आहे. मालकाने जेसीबीने दोन-तीन उंचवटे करून ठेवलेत, बाकी सगळं निसर्गाने केलंय. डोंबिवलीकर तिथे आमच्या आधी पोहोचून छोटा हत्ती टेम्पोतून आपली केएलएक्स १४०जी ही डर्ट बाईक उतरवत होता. फळी लावायची, एकाने ब्रेकवर हात ठेवायचा, दुसऱ्याने मागून धरायचं, तिसऱ्याने सूचना करायच्या. तिसरा मी.

या गाडीला ना हेडलाइट, ना इंडिकेटर, ना पासिंग. कावासाकीने ती २०१८ मध्ये इथे आणली तेव्हाच किंमत चार लाखांच्या वर होती, आणि ती सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही हे घेतानाच माहीत असतं. म्हणजे डोंबिवलीत राहून ही गाडी पाळायची तर प्रत्येक वेळी टेम्पो, टेम्पोवाल्याचा मूड आणि कोणाच्या तरी मालकीचा माळ, एवढं जमून यावं लागतं. आरसी नसल्यामुळे मालकीचा पुरावा काय, तर शोरूमचं बिल. "ते कुठेय?" भांडुपकराने विचारलं. "घरात असेल कुठेतरी," डोंबिवलीकर म्हणाला आणि विषय बदलला.

पण चालवायला! १४४ सीसी, वजन ९९ किलो. माझ्या दीडशे किलोंच्या वरच्या गाडीवरून तिच्यावर बसलं की पहिली पाच मिनिटं हातच जड पडतात, गाडी जरा जास्तच ऐकते. सीट ८६० मिलिमीटर उंच, त्यामुळे पाय टेकायला दगड शोधावा लागतो. पण एकदा फूटपेगवर उभं राहिलं की टेकायची गरजच उरत नाही. गुडघ्यांनी टाकी धरायची, कोपरं बाहेर, क्लचवर दोन बोटं, नजर चाकासमोर नाही तर वळणाच्या पलीकडे. हे सगळं मला माहीत आहे आणि तरी उंचवट्यावर चढताना मी दर वेळी चाकाकडेच बघतो. इथे ताकदीचा गाजावाजा करणारे लवकर दमतात, हे माझं ठाम मत आहे. शिकायला हलकी गाडी, ओली माती आणि पहिला-दुसरा गिअर पुष्कळ झाले.

दुपारी जेवणानंतर डोंबिवलीकराने एअर फिल्टर काढला. तो फोमचा असतो, स्पंजसारखा. आधी रॉकेलमध्ये बुडवला तर बादलीचा रंग क्षणात विटकरी झाला. मग साबणाच्या पाण्यात. पिळायचा नाही, पिळला की शिवण उसवते. दोन तळव्यांत धरून नुसता दाबायचा. सुकल्यावर फिल्टर ऑईल ओतून ते हातमोज्याने सगळीकडे चोळायचं, कडेच्या रबराला ग्रीस लावायचं, आणि खोक्यात बसवताना कुठे फट राहिली का ते बोट फिरवून बघायचं. केसाएवढ्या फटीतून गेलेली धूळ पिस्टनच्या रिंगा खाते. हा माणूस घरात स्वतःचा कप विसळत नाही असं वहिनी म्हणतात. मला ते खरं वाटत नाही.

संध्याकाळी केएलएक्स परत टेम्पोत. राजमाचीची वाट कच्ची असली तरी सार्वजनिक आहे, तिथे तिला नेता येत नाही. डोंबिवलीकर हात हलवत गेला. आम्ही शेतघरातच मुक्काम केला.

रविवार

घाट चढताना शिंग्रोबापाशी थांबलो. इंग्रजांना बोरघाटाची वाट दाखवणारा धनगर, अशी त्याची गोष्ट सांगतात. जुन्या रस्त्याने जाणारा ट्रकवाला इथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाही, आम्हीही टाकलं. पुढे काही किलोमीटर जुना रस्ता एक्स्प्रेसवेत मिसळतो, तेवढ्यापुरते आपणही एक्स्प्रेसवेचे वाटसरू. तिथे डावी कड धरून मुकाट जायचं.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या धरणाकडे वळलं की गर्दी सुटते. टायरमधली हवा कमी केली. माझ्या गाडीत ट्यूब आहे, म्हणून मी फार खाली जात नाही. हवा अती कमी झाली तर टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्यामागे ओढली जाते आणि व्हॉल्व्हच तुटतो. दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दाताच्या खुणा पडतात त्या निराळ्याच.

तिथून उधेवाडीपर्यंतची वाट या भागातल्या प्रत्येक बाईकवाल्याने कधी ना कधी केलेली असते. तांबडी माती, तिच्यातून वर आलेले बसाल्टचे दात, झाडीतला गारवा, आणि ओढे. पावसाळ्यात इथे अशी झुंबड उडते की बोलायची सोय नाही. आत्ता वाट शांत होती. माझ्या गाडीचा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, फक्त पुढच्या चाकाला आहे, मागचं चाक मोकळं. उतारावर ते हवं तेव्हा लॉक करून गाडीचं शेपूट वळवता येतं. कंपनीने काटकसर म्हणून केलं असेल, पण डर्टवर ते वरदान आहे. लांब उतारांवर मात्र पहिला गिअर आणि इंजिनाचा ब्रेक यापलीकडे काही लागत नाही.

एका ओढ्यात भांडुपकर आडवा झाला. पाणी घोट्याएवढंच, पण दगडांवर शेवाळ. हिमालयन ४११ म्हणजे १९९ किलो, वर त्याने दोन्ही बाजूंना लोखंडी खोकी लावलेली, आणि खोक्यांत काय तर फोल्डिंगची खुर्ची. त्याला लागलं नाही. आधी इंजिन बंद केलं. मग हँडल जमिनीकडे पूर्ण वळवून गाडीकडे पाठ केली, एका हाताने हँडलचं टोक आणि दुसऱ्याने सीटखालची फ्रेम धरली, आणि छोटी पावलं टाकत मागे रेटत गेलो. जोर पाठीचा नाही, मांड्यांचा. पहिल्या खेपेला पायच घसरले. मग खोकी सोडवली आणि गाडी उठली. गाडी घेताना लोक हॉर्सपॉवर विचारतात. वजन विचारावं, आणि आडव्या पडलेल्या गाडीशेजारी आपण एकटे असू असं धरून विचारावं.

गावातल्या एक मावशी डोक्यावर भारा घेऊन ओढा ओलांडत होत्या. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "चालत आला असता तर आत्तापर्यंत जेवून झालं असतं."

उधेवाडीत ज्यांच्याकडे उतरलो त्या काकांची एकच अट होती: गाडी अंगणाच्या बाहेर, आणि रात्री इंजिन रेस करायचं नाही. रास्त आहे. मोकळ्या सायलेन्सरवाल्यांनी गावोगाव आपलं नाव एवढं घालवलंय की शांत गाडीवाल्यालाही आधी संशयाने बघतात. माझा सायलेन्सर कंपनीचा आहे. फायनान्सचे हप्ते असताना तो बदलायला पैसे नव्हते आणि नंतर अक्कल आली.

संध्याकाळी पायी वर गेलो. मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ, एका हाताला श्रीवर्धन, दुसऱ्या हाताला मनरंजन. गडाच्या उतारावर टायरच्या ताज्या रेघा दिसल्या. कोणीतरी देवळाच्या वर गाडी चढवायचा प्रयत्न केला होता. अशांना मी बाईकवाला मानत नाही. माळ पडलेत, वाटा आहेत, भाड्याने ट्रॅक मिळतात. गड सोडा की. रात्री पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा. भांडुपकराने खुर्ची उघडली. तीत तो बसला तेव्हा काका ज्या नजरेने बघत होते ती सांगण्यासारखी नाही.

सोमवार

भांडुपकराला ऑफिस, तो लोणावळ्यातून मुंबईला वळला. मी तळेगाव, चाकण, राजगुरुनगर, नारायणगाव. चाकणबद्दल काय लिहायचं? कंटेनरच्या मागे उभं राहून कार्ब्युरेटरची गाडी तापवायची आणि आपण तिच्यासोबत तापायचं. राजमाचीच्या वाटेवर लागला नाही तेवढा क्लच इथे लागला. नारायणगावात मिसळ खाल्ली तेव्हा माणसात आलो.

जुन्नरला संध्याकाळच्या आत पोहोचायचं असं पोराने बजावलं होतं. "उसाकडेनं अंधारात नका येऊ, दादा. बिबट्याचं काय सांगता येत नाय." ऊस तोडायला लागला की बिबटे उघड्यावर येतात, आणि या पट्ट्यात ही गोष्ट कोणी चेष्टेत घेत नाही. घरांभोवती जाळ्या, बायका शेतात निघाल्या की सोबतीने. उजेड असतानाच त्याच्या वस्तीवर पोहोचलो. शिवनेरी समोर होती. चहा, पोहे, आणि गाडीकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. सौदा उद्या, आज पाहुणा.

मंगळवार

सकाळी नाणेघाटाकडे निघालो, मी त्याच्या चुलतभावाच्या गाडीवर मागे आणि पोरगा एक्सपल्सवर. घाटघरपर्यंत डांबर आहे, पठारावर बाजूला खडकाळ माळ. सातवाहनांच्या काळातला हा व्यापारी घाट. लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि वर जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण. पोराने लेण्याला हात जोडले आणि गाडीकडे वळला.

त्याने ज्या पद्धतीने गाडी तपासली ती मी मुंबईत एकाही गिऱ्हाइकाकडून पाहिली नाही. मीटरकडे ढुंकूनही बघितलं नाही. डर्टवर पहिल्या गिअरमध्ये तासभर घाम काढला तरी किलोमीटर आठ-दहाच पडतात. आधी इंजिनाखालच्या संरक्षक पत्र्याच्या, म्हणजे बॅश प्लेटच्या, खाली हात घालून इंजिनाचं केसिंग चाचपलं. पुढचं चाक उचलून धरून हँडल हळूहळू डावी-उजवीकडे नेलं, मध्यावर अडकतं का ते बघायला. अडकलं तर स्टिअरिंगचे बेअरिंग गेले. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून ते चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचा खेळ, म्हणजे ढिलेपणा, बघितला. मग स्क्रूड्रायव्हरने चाकाची एकेक आरी वाजवत गेला. टण, टण, टण, आणि मध्येच एक ठप्प. "ही ढिली हाय." होती. पुढच्या सस्पेन्शनच्या, म्हणजे फोर्कच्या, नळ्यांवरून अंगठा फिरवला, तेलाचा ओलावा आहे का बघितलं. हँडलखाली फ्रेमच्या वेल्डिंगजवळ रंग तडकलाय का ते मोबाइलच्या टॉर्चने. मग तो पठारावर गेला आणि उभा राहून असा काय चालवत आला की मी माझ्याच गाडीकडे नव्याने बघितलं.

"कुठे शिकलास?"

"इथंच. भावाच्या यामाहा आरएक्सवर." २०२४च्या जानेवारीत बालेवाडीला सुपरक्रॉसची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाईक शर्यतींची, लीग झाली तेव्हा तो दुधाची गाडी पकडून बघायला गेला होता. सी. एस. संतोष २०१५ मध्ये डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय, छत्तिसावा आला. रॉस ब्रांच २०२४च्या डाकारमध्ये हिरोच्या गाडीवर दुसरा. हे सगळं त्याला तोंडपाठ.

दुपारी वस्तीवर वडील आले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली.

"ॲव्हरेज?"

"चाळीसच्या आसपास, भाऊ."

"दुधाचे कॅन बसतील?"

पोराचा चेहरा पडला. मी खरं तेच सांगितलं: मागे कॅरिअर आहे, पण सायलेन्सर उजवीकडून वर जातो, त्या बाजूला कॅन लटकवला तर दूध तिथेच आटेल. वडील हसले. "मग डावीकडं एकच लावू," म्हणाले आणि किमतीचं बोलणं सुरू झालं. मी ७०, ते ६०. ढिली आरी, घासलेलं स्प्रॉकेट, मागचा टायर अर्धा गेलेला. पोरानेच हे सगळं वडिलांना आधी सांगून ठेवलं होतं. ६४ हजारांवर हात मिळाले. पैसे खात्यावर आले.

कागदांत मात्र मी कोणाची भीड धरत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची जबाबदारी त्याच्यावर. गाडी विकली हे तोंडी सांगून सुटका नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३०वर सह्या झाल्या. एमएच-०३ची गाडी एमएच-१४ला जाणार म्हणून एनओसीचा फॉर्म २८ मी आधीच भरून ठेवला होता. विमा चौदा दिवसांत त्याने आपल्या नावावर करून घ्यायचा, नो-क्लेम बोनस माझ्याकडे राहतो. आणि साध्या कागदावर डिलिव्हरी नोट: आज, या तारखेला, दुपारी अमुक वाजता गाडी ताब्यात दिली. त्या वेळेनंतरची ई-चलनं त्याची. वडिलांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "जमिनीचं खरेदीखत एवढं नीट नव्हतं आमचं."

पोराला दोन गोष्टी सांगितल्या: चेन ओढून ताठ बांधू नकोस, सस्पेन्शन दबलं की ती आणखी ताणते; आणि महिनाभर चालवणार नसशील तर कार्ब्युरेटरचं पेट्रोल काढून ठेव. दुसरीवर तो हसला. इथे महिनाभर उभी कशाला राहील!

माळशेजमार्गे कल्याणला जाणारी एसटी मिळाली. हेल्मेट मांडीवर, नी गार्ड आणि चेस्ट प्रोटेक्टर गोणीत. कंडक्टरने गोणी उचलून बघितली आणि विचारलं, "क्रिकेटचं का?" मी हो म्हटलं, तिकीट घेतलं. ओतूर सुटल्यावर डोंबिवलीकराचा फोन. गाडी गेली का, कितीला गेली, आणि मग जरा थांबून, त्या पोराचं स्वतःचं रान किती आहे?

"पाच-सहा एकर असेल. का रे?"

"आपली केएलएक्स तिथे बरी. टेम्पो नको, काही नको, घराच्या मागे काढली की चालू."

म्हटलं, विचारतो त्याला. पण तू आधी घरी जाऊन बिल शोध.